जल्लादची राहिलेली हार

वाचता वाचता एक काम कराल का? शेजारी जो कोणी बसला असेल, आई, भाऊ, मैत्रीण, त्याचा हात हातात घ्या. आणि आता कल्पना करा, की तुम्ही पाठीवर पडला आहात. वर इतके प्रखर दिवे आहेत की डोळे उघडवत नाहीत. चारी बाजूंनी माणसं आरडाओरडा करताहेत. तुमच्या अंगावर एक दांडगा माणूस बसला आहे, आणि त्याला तुमची काळजी वाटते आहे. आत्ता पडताना याला कुठे लागलं तर नाही ना? पण त्याला तोंडाने विचारता येत नाही. कारण तो तुमचा शत्रू आहे, निदान भोवतालच्या माणसांना तसं वाटायला हवं. मग तो काय करेल?

तो तुमचा हात पिरगाळल्यासारखं करेल आणि कोणाला दिसणार नाही असा हळूच एकदा दाबेल. म्हणजे, ठीक आहेस ना? तुम्ही उलट एकदा दाबायचा. म्हणजे, ठीक आहे, चालू दे.

दाबून पाहिलात? उत्तर आलं? छान. आता अशी कल्पना करा, की तुम्ही दाबलात आणि उत्तर आलंच नाही. पुन्हा दाबलात. तरी नाही.

त्या वेळी एका माणसाने काय केलं, आणि त्याबद्दल लोकांनी त्याला काय काय म्हटलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट आठवली की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. पण मी शांतपणे सांगेन, कारण रागाच्या भरात सांगितलेलं नीट समजत नाही.

त्या माणसाचं नाव भाऊराव रामटेके. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये तो मुलीकडे राहतो. मुलगी रुचिरा सरकारी ऑफिसात आहे. तिची मुलगी मैत्री पाचवीत शिकते आणि भाऊरावांना आबा म्हणते. आबांचे कान तुम्ही पाहिलेत तर आधी दचकाल. कुस्तीत घासून घासून ते फुगले आहेत आणि तसेच कडक झाले आहेत. मैत्री लहान असताना झोपायला म्हणून त्यांच्याजवळ जायची, तर हटकून तो कान धरूनच झोपायची.

आबा भंडाऱ्याकडचे. तरुणपणी मातीत कुस्त्या खेळले, बक्षिसं मिळवली. मग दिल्लीला आले आणि फ्री-स्टाईल कुस्तीच्या खेळांत शिरले. आधी मेळ्यांमध्ये, तंबूत. पुढे नोएडात एक कंपनी निघाली, ‘महाबली शो’ नावाची. तिथे दोर लावलेली रिंग होती, कॅमेरे होते, आणि कुस्ती टीव्हीवर दिसायची. कंपनीचे मालक बत्रा साहेब. त्यांनी आबांना पहिल्या दिवशी खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “इसको विलन बनाओ. शक्ल ही काफी है.”

शक्ल ही काफी है! माणसाचा रंग पाहायचा, कान पाहायचे, आणि ठरवून टाकायचं की हा दुष्ट. त्यांनी त्याला नावही दिलं, ‘जल्लाद’. काळा झगा दिला. आबांनी तो निमूटपणे घातला आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ रोज हरले.

हो, हरले. तुम्हाला माहीत असेल, या खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. मैत्रीला हे कळलं तेव्हा ती हिरमुसली होती.

“म्हणजे आबा, सगळं झूठ?”

“कोण जिंकणार ते ठरलेलं असतं, बेटा. पडणं ठरवून सोपं होत नाही. जा, पलंगावर चढ.”

त्यांनी तिला गादीवर पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लाव, श्वास सोड, पाठ सपाट टेकू दे, डोकं कधीच टेकायचं नाही. ती पहिल्यांदा पडली तेव्हा दात एकमेकांवर आपटले.

“आई गं!”

“ही गादी आहे,” आबा म्हणाले. “रिंगमध्ये खाली लाकडाच्या फळ्या असतात. वर बोटभर स्पंज. आता सांग, झूठ?”

त्या दिवसापासून मैत्रीने कुस्तीला तो शब्द लावला नाही. हात दाबायची खूणही तेव्हाच शिकली. मयूर विहारच्या मोठ्या रस्त्यावर, जिथे कोणी कोणासाठी थांबत नाही, तिथे रस्ता ओलांडताना आबा तिचा हात एकदा दाबायचे. तिने उलट दाबला की मगच पाऊल टाकायचे. ही खूण बाहेर कोणाला सांगायची नाही, असं मात्र त्यांनी तिला बजावलं होतं. पैलवानांची ती आपसातली गोष्ट. बघणाऱ्यांना कळली तर त्यांच्या बघण्यातली मजा जाईल.

आता अंशुमन. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला मराठी मुलगा. किडकिडीत होता, कॉलेज बुडवून नोएडाला आला आणि आबांच्या मागे लागला, मला शिकवा. आबांनी शिकवलं. तो त्यांना वस्ताद म्हणायचा. कुस्ती शिकवणाऱ्याला आपल्याकडे वस्ताद म्हणतात. रविवारी जेवायला यायचा, मैत्रीला खांद्यावर घेऊन जिना चढायचा, रुचिराच्या हातची वांग्याची भाजी चाटून पुसून खायचा. अंगाने भरला, दिसायला देखणा, त्यामुळे बत्रा साहेबांनी त्याला हीरो केला. त्याचे फोटो मोठमोठ्या बोर्डांवर लागले.

या धंद्यात एक जुनी रीत आहे, ती नीट ऐका. जो पैलवान निवृत्त होतो तो जिंकून जात नाही. शेवटच्या कुस्तीत तो एका तरुण पैलवानाकडून हरतो. दोन्ही खांदे मॅटला टेकवून पडून राहतो, तरुण त्याच्या छातीवर हात ठेवतो, पंच मॅटवर तीनदा हात आपटतो. झालं. इतकी वर्षं लोकांनी ज्याला वचकून पाहिलं, त्याचा वचक आता त्या तरुणाचा. जाणाऱ्याने द्यायची ती शेवटची वस्तू. ज्याला हे असं पडायला मिळालं नाही, त्याचं जाणं पुरं झालं नाही असं पैलवान मानतात.

आबांनी आपली शेवटची कुस्ती अंशुमनला द्यायचं ठरवलं. दुसरं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, की पहिल्या रांगेत माझी नात बसेल. तोवर त्यांनी तिला कधी खेळ पाहू दिला नव्हता. लोक आपल्याला शिव्या घालतात ते तिने ऐकू नये म्हणून.

त्याआधीच्या रविवारी अंशुमन जेवायला आला, तेव्हा मैत्रीच्या एक गोष्ट लक्षात आली. तिने हाक मारली की तो मान वळवत नव्हता. अख्खा वळत होता.

“दादा, तू रोबोट झालास का?”

“मान आखडलीय जरा,” तो म्हणाला. “बत्रा साहेबांना सांगितलं. म्हणाले, टिकटें बिक गयीं, गोली खा ले.”

आबांनी घास ताटात ठेवला. उठून त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. “कोपऱ्यातल्या खांबावरून उडी घ्यायची नाही,” ते म्हणाले. “तू नुसता धक्का दे, मी उभ्या उभ्या पडतो. ऐकतोयस?”

“पण वस्ताद, लास्ट मॅच आहे तुमची. उडी नसली तर लोक—”

“लोक माझ्याकडे बघतील. मला पडता येतं.”

“बरं, वस्ताद.”

असं त्याने म्हटलं. मैत्रीने ऐकलं, रुचिराने ऐकलं.

कुस्तीच्या दिवशी हॉल भरला होता. आबा काळा झगा घालून आले तसे लोक उठून ओरडू लागले, “जल्लाद हाय हाय!” मैत्रीने आईचा दंड धरला. पण आबांनी जाता जाता तिच्याकडे पाहून एक भुवई अशी काही उडवली, की तिला हसू आलं. मग कुस्ती सुरू झाली. मैत्रीला आता कळत होतं. आबा आपटले की ती बघायची, हनुवटी छातीला आहे ना? असायची. अंशुमनला उचलून खाली टाकताना आबा आपला गुडघा त्याच्याखाली सरकवायचे, म्हणजे त्याला कमी लागावं. हे कोणालाच दिसत नव्हतं. लोक म्हणत होते, बघा कसा मारतोय हरामखोर.

शेवट आला. ठरल्याप्रमाणे आबा उठले की अंशुमनने धक्का द्यायचा होता. तो मात्र रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबावर चढला. खाली पडलेल्या आबांनी मान हलवली. नको. मैत्रीला स्पष्ट दिसलं. रिंगच्या पलीकडे बत्रा साहेब दोन्ही हात वर करून खुणावत होते, कूद, कूद. लोक अंशुमनचं नाव घेऊन टाळ्या पिटत होते.

अंशुमनने उडी मारली.

उडी कमी पडली. आबा पाठीवर होते, ते तसेच पुढे सरकले आणि त्याला झेलायला दोन्ही हात वर केले. छाती हातात आली, डोकं नाही. डोकं फळ्यांवर आपटलं. आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला.

आबांनी त्याचा हात धरला आणि दाबला. मैत्री बघत होती. पुन्हा दाबला. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी आबांचा चेहरा जल्लादचा राहिला नव्हता.

आता नीट ध्यान द्या. अंशुमन आबांच्या शेजारी आडवा पडला होता. आबांनी त्याला ओढून आपल्या छातीवर घेतलं असतं आणि खांदे टेकवले असते, तर पंचाने तीन मोजले असते. अंशुमन जिंकला, जल्लाद हरला, खेळ ठरल्यासारखा संपला. कोणाला काही कळलं नसतं. पट्टेरी शर्टातल्या त्या पंचाच्या कानात एक यंत्र असतं, त्यातून मालक बोलतात. पंच खाली वाकला आणि म्हणाला, “साहब बोल रहे हैं, खींच के ऊपर ले लो. मैं तीन गिनता हूँ. खत्म करो.”

“हाथ मत लगाना इसको,” आबा म्हणाले.

“भाऊराव, लाइव है!”

“हाथ मत लगाना!”

मान मोडलेली असेल तर माणसाला हलवायचं नसतं. एवढं तुम्हालाही शाळेत शिकवलं असेल. हलवलं, तर तो पुन्हा कधी चालेल याची खात्री नाही. आबा गुडघ्यांवर बसले, अंशुमनचं डोकं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरलं, दोन्ही हातांनी मान स्थिर केली, आणि डॉक्टर स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत त्यांनी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. हॉलमधल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की जल्लाद हरायच्या वेळी हरला नाही. उलट त्याने हीरोची मान आवळली. त्यांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. एक आबांच्या भुवईवर बसली. त्यांनी रक्तसुद्धा पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

अंशुमन वाचला. मानेचं हाड चिरलं होतं, तुटलं नव्हतं. डॉक्टर रुचिराला म्हणाले, ज्याने याला हलू दिलं नाही त्याने याचे पाय वाचवले.

दुसऱ्या दिवशी कंपनीने टीव्हीवर काय सांगितलं असेल? सांगा बघू.

त्यांनी सांगितलं, की जल्लादला हार सहन झाली नाही. शेवटच्या कुस्तीत हरायचं जिवावर आलं, म्हणून त्याने ठरलेलं मोडलं, पुढे सरकून उडी चुकवली आणि जखमी मुलाची मान आवळली. अशा माणसाला कंपनीच्या रिंगमध्ये पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. आणि व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत आबा पुढे सरकताना दिसत होते, मानेवर हात दिसत होते. हात दाबलेला दिसत नव्हता. बत्रा साहेबांच्या खुणा तर नव्हत्याच.

हार सहन झाली नाही! उभा जन्म जो हरला, पोटासाठी हरला आणि नीट हरला, ज्याच्या हरण्यावर किती पोरं हीरो झाली, त्याला म्हणायचं हार सहन झाली नाही! दुखरी मान घेऊन पोराला खांबावर कोणी चढवलं, ते झाकायचं होतं. मग झाकायला कोण सापडला? ज्याला पंचवीस वर्षं दुष्ट म्हणून उभा केला, तोच. लोकांना सवयच झाली होती. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

आणि अंशुमन? त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरून एक निरोप दिला, तोही टीव्हीवर आला. गळ्यात जाड पट्टा, डोळे खाली. “मुझे कुछ याद नहीं,” तो म्हणाला. एवढंच. मला काही आठवत नाही. हे असं खोटं आहे, की बोलणाऱ्याला वाटतं आपण काही बोललोच नाही.

शाळेच्या बसमध्ये मानस नावाचा मुलगा मैत्रीला म्हणाला, “तेरे नाना तो चीटर निकले यार. हारना भी नहीं आता!”

मैत्रीने त्याचं दप्तर बसच्या खिडकीतून बाहेर टाकलं. घरी फोन आला. रुचिराने मानसच्या आईची माफी मागितली, फोन ठेवला आणि मैत्रीला म्हणाली, “असं पुन्हा करायचं नाही.” मग म्हणाली, “दप्तर पूर्ण गेलं का बाहेर?”

“बिल्कुल पूर्ण.”

“हं,” रुचिरा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी मात्र तिने आबांना धरलं. “बाबा, तुम्ही बोला. नाहीतर मी बोलते. पंच काय म्हणाला ते मी ऐकलंय. मैत्रीने ऐकलंय. ऑफिसात लोक मला विचारतात, तुमचे फादर असे कसे?”

“रिंगमधली गोष्ट बाहेर न्यायची नाही.”

“त्यांनी नेली की!”

“त्यांनी नेली म्हणून मी नेऊ? आणि काय सांगू, पोराने माझं ऐकलं नाही म्हणून? तो पडलाय बिचारा.”

“बिचारा!” मैत्री ओरडली. “आबा, तुम्ही तीनदा हात दाबलात. मी पाहिलं. तो झूठ बोलतोय. त्याला आठवतंय!”

“त्याचा हात बधिर असेल, बेटा.”

“डोळे उघडे होते त्याचे!”

आबा भुवईवरच्या पट्टीला बोट लावत राहिले. मग, जसं काही वेगळंच बोलताहेत तसे म्हणाले, “एवढी पाठ टेकायला मिळाली असती, म्हणजे झालं असतं.”

मला आबांचा आदर आहे, पण त्यांचा तो नियम मला पटत नाही, हे सांगून ठेवतो. एकमेकांचं गुपित राखणं चांगलं. पण ज्याने तुमच्यावर खोटा आळ घेतला त्याच्यासाठी गप्प राहणं, याला मी चांगलं म्हणणार नाही. खोटं बोलणाऱ्याला अशा गप्प बसणाऱ्यांचाच आधार असतो. तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर बोला. कोणी मोठं रागावलं तर माझं नाव सांगा.

थंडी संपता संपता अंशुमन बरा झाला. गळ्यात अजून पट्टा होता, पण चालत होता. बत्रा साहेबांनी त्याच हॉलमध्ये त्याच्या स्वागताचा मोठा कार्यक्रम ठेवला. मुलांनी रिंगमध्ये यायचं, हीरोशी हात मिळवायचा, फोटो काढायचा.

“मला जायचंय,” मैत्री म्हणाली.

“कशाला?” रुचिराने विचारलं.

“हात मिळवायला.”

रुचिराने मुलीकडे एकदा पाहिलं आणि तीन तिकिटं काढली. आबा येणार नाहीत असं दोघींना वाटलं होतं. पण ते मफलर गुंडाळून दारात उभे राहिले. “मान कशी वळतेय ते बघायचंय मला,” म्हणाले. “मागे उभा राहीन. कोणाला दिसणार नाही.”

रिंगच्या मधोमध खुर्चीत अंशुमन बसला होता. हातात माइक घेऊन बत्रा साहेब मुलांना एकेक करून वर बोलावत होते. मुलं दोराखालून आत शिरायची, हात मिळवायची, हसायची, जायची. अंशुमनही हसत होता. ते हसू त्याला चेहऱ्यावर धरून ठेवावं लागत होतं.

मैत्री वर गेली. तिला पाहून त्याचं हसू गळालं. तिने हात पुढे केला. त्याने हातात घेतला.

तिने एकदा दाबला.

त्याने तिच्याकडे न पाहता फोटोवाल्याकडे पाहिलं. तिने पुन्हा दाबला. त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण तिने सोडला नाही. मागची मुलं चुळबुळ करू लागली. बत्रा साहेब हसत म्हणाले, “अरे बेटा, हीरो का हाथ घर ले जाओगी क्या?” लोक हसले.

तिने तिसऱ्यांदा दाबला आणि वाट पाहत राहिली. अगदी जशी आबांनी पाहिली होती.

अंशुमनचा चेहरा लाल झाला. मग, तिला जेमतेम कळेल इतका हळू, त्याचा हात उलट दाबला गेला.

“तुला आठवतंय, दादा,” मैत्री म्हणाली.

बत्रा साहेबांनी तिच्यापुढे माइक धरला. “क्या बोलना है हीरो को?”

“मुझे नहीं,” मैत्री म्हणाली. “इनको बोलना है.” आणि माइक अंशुमनकडे ढकलला.

तो हिंदीत बोलला, मी मराठीत सांगतो. “मला सगळं आठवतं,” तो म्हणाला. “माझी मान आधीच दुखत होती. मी सांगितलं होतं. वस्तादांनी उडीला नको म्हटलं होतं, तरी मी मारली. ते पुढे सरकले ते मला झेलायला. ते माझा हात दाबत होते. कळत होतं मला, पण माझी बोटं हलत नव्हती. ते म्हणत होते, पोरा, हलू नको, मी धरलंय—”

माइक बंद झाला. कोणी बंद करायला लावला ते तुम्हाला कळलं असेल. पण पुढच्या रांगांनी ऐकलं होतं. त्यांनी वळून मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. अंशुमन खुर्चीतून उठला, दोराला धरून उभा राहिला, आणि मिळेल तेवढा आवाज काढून त्याने हाक मारली, “वस्ताद!”

दाराजवळ एका माणसाने मफलर सोडला.

आबा चालत आले. सवयीने कोणीतरी “जल्लाद हाय हाय” म्हणालं, आणि शेजारच्याने त्याला गप्प केलं. आबा दोराखालून आत आले. अंशुमन हात जोडू लागला, तर ते म्हणाले, “मान वळव बघू.”

अंशुमनने सावकाश उजवीकडे वळवली, मग डावीकडे.

“हं. बरी आहे.” मग आबांनी मॅटकडे पाहिलं. “माझं काम राहिलंय. तू बोललास, आता तेही होऊ दे.”

“ये क्या तमाशा है?” बत्रा साहेब ओरडले. “उतरो नीचे! इसको बैन किया है मैंने!”

आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. हनुवटी छातीला लावली, बसले, आणि हळूहळू पाठ टेकवली. आधी कंबर, मग एक खांदा, मग दुसरा. अंशुमनला वाकता येत नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आबांच्या छातीवर तळहात ठेवला.

दोघे थांबले. आता पंचाने मोजायचं. पट्टेरी शर्टातला पंच दोराला लागून उभा होता. त्याने बत्रा साहेबांकडे पाहिलं. बत्रा साहेबांनी मान हलवली, नाही. पंचाने दोन्ही हात खिशात घातले आणि खाली पाहू लागला. हॉलमधली सगळी माणसं कुणीतरी दुसऱ्याने काही करावं म्हणून थांबली होती. मोठी माणसं अशी पुष्कळदा थांबतात.

मैत्री गुडघ्यांवर बसली. हात उचलला आणि मॅटवर आपटला.

“एक!”

खालच्या फळ्या ढोलासारख्या वाजल्या. तिचा तळहात झणझणला. पुन्हा उचलला.

“दोन!”

मग ती थांबली. दुसऱ्या हाताने तिने आबांचा मॅटवर पसरलेला हात धरला आणि एकदा दाबला. आबांनी उलट दाबला.

तेव्हा मैत्रीने तिसऱ्यांदा हात वर नेला, बत्रा साहेबांकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तो खाली आपटला.